करवती काठाचं लुगडं आणि दोन डॉक्टर

मी एक जुनं लुगडं आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर अर्धंच जुनं. माझा मधला भाग विरला तेव्हा तो कापून तिथं दुसऱ्या लुगड्याचा तुकडा जोडला. याला दांड भरणं म्हणतात. पण काठ माझे आहेत, पदरही माझाच आहे. जे घडलं ते सारं पदराआड घडलं, म्हणून ते सांगायचा हक्क मला आहे असं मला वाटतं.

माझा जन्म पवनीचा. तुलाराम विणकराच्या मागावर मी तयार झालं. त्याची बायको ललिताबाई सुताच्या कांड्या भरून द्यायची आणि तो आडवं सूत नेणारे तीन धोटे चालवायचा. मधल्या अंगाचा एक धोटा, दोन काठांचे दोन. त्यामुळे माझं जांभळं अंग आणि तांबडे काठ करवतीच्या दातांसारखे एकमेकांत घट्ट बसलेले आहेत. माझी घडी घालताना तुलाराम म्हणाला, "रंग इटन, पन काठ सुटनार नाई." तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. नव्या कापडाला फार कळत नसतं.

१९७४ साली पवनीच्याच चंद्रकलेचं लग्न झालं. तिच्या आईनं मला तिच्या पेटीत घातलं आणि मी तिच्याबरोबर कोंढ्याला आलं. घरात तिचा नवरा इश्वर, इश्वरचा मोठा भाऊ जागेश्वर आणि जागेश्वरची बायको गोदावरीबाई. धानाची शेती. बाहेरचं जे काही काम असेल ते जागेश्वर करायचा. इश्वर चार माणसांत बोलायला लाजायचा, म्हणून तर जरा जास्तच.

आता एक रीत सांगायला हवी. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. धाकट्या सुनेनं भासऱ्यासमोर पदर ओढायचा, तोंड दाखवायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. जागेश्वर अंगणात आला की चंद्रकला मला हनुवटीपर्यंत ओढायची आणि वाक्य अर्धवट सोडायची. तो गेला की उरलेलं अर्धं वाक्य पूर्ण करायची. आणि बोलायची किती! चुलीपाशी गोदावरीबाई म्हणायची, "बाई वो, जराशी थांब. माह्या कानाले तरी दम घेऊ दे." गावात मात्र माझी स्तुती व्हायची. "पदर पाहा कसा घेते! आवाज नाई आयकला कोनं." ते ऐकून मीही फुगत असे. खळ घातलेली असली की कापडाला फुगायला वेळ लागत नाही.

मग १९७७ साल आलं. रोवण्यांच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चंद्रकलेला मुलगा झाला आणि आठवडाभरात गेला. घरातल्यांनी तिला चार दिवस निजू दिलं. मग पाऊस लागला, धानाच्या बांधीत पाणी भरलं, आणि बाया तिला सोबत घेऊन गेल्या. त्यांनाही वाटलं, कामात मन लागेल. चिखलात वाकून ती रोपं लावायची. रडायला घरात आडोसा नव्हता, बांधीतही नव्हता. आडोसा एकच होता, मी. माझं टोक सदा ओलं असायचं, आणि पावसाचं पाणी खारट नसतं एवढं मला समजतं.

हळूहळू तिचं जेवण सुटलं, झोप सुटली, बोलणंही सुटलं. एकदा ती गोदावरीबाईला एवढंच म्हणाली, "बाई, मले तो रडताना आयकू येते." गोदावरीबाई घाबरली आणि तिनं नवऱ्याला सांगितलं. जागेश्वरनं उशीर केला नाही. दुसऱ्याच दिवशी तो चंद्रकलेला एसटीनं भंडाऱ्याला एका नाव असलेल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो, हे विसरू नका.

डॉक्टरनंही नीटच विचारलं. "नाव काय तुमचं? जेवण जातं का? काही ऐकू येतं का?" चंद्रकला स्टुलावर आणि शेजारच्या खुर्चीवर भासरा. ती काय बोलणार? तिनं मला आणखी खाली ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं. घरची चांगली सून जसं वागते, अगदी तसंच ती वागली. उत्तरं सारी जागेश्वरनं दिली. "बोलत नाई. पाहत नाई. तिले आवाज आयकू येतेत." डॉक्टरनं कागदावर एक लांबलचक इंग्रजी नाव लिहिलं आणि सांगितलं, "मनाचा मोठा आजार आहे. जन्मभर राहील. गोळ्या सोडायच्या नाहीत."

त्या गोळ्यांनी तिचा जबडा ताठला, हात थरथरायला लागले. तोंडातून लाळ गळायची ती माझ्यावरच पडायची. धुण्याच्या दगडावर मला पिळताना तिच्या बोटांत जोर नसायचा. अंगणात मुलं तिला पाहून पळायची. तशात बपेऱ्याहून दोघा भावांचे बाबूलालमामा आले. पानसुपारी झाल्यावर म्हणाले, "जागेश्वर, तिले पवनीले पोचवून दे. इश्वरसाठी एक पोरगी पाहून ठेवली हाये मी. येड्या बाईसंगं पोरानं जनम कायले काढावा?" इश्वर खाली मान घालून दोरी वळत बसला होता. तो वळतच राहिला. दाराआड चंद्रकला होती. माझा काठ तिनं मुठीत इतका गच्च धरला की तिथली वीण अजूनही जरा वाकडी आहे.

मामा गेल्यावर गोदावरीबाईनं जागेश्वरला भात वाढला आणि डाव हातातच धरून उभी राहिली.

"अवो, थ्या डॉक्टरनं चंद्रकलेले काय इचारलं होतं?"

"इचारलं भल्ली काई. पन थे एक सबद बोलली नाई."

"तुमी कोठी होते?"

"तिच्याजौळच. खुर्चीवर."

"मंग थे बोलन कशी?" गोदावरीबाईनं डाव भांड्यात आपटला. "तीन वर्सं झाली तिले या घरात येऊन. तुमी तिचा आवाज आयकला काय कवा?"

जागेश्वरनं घास ताटात परत ठेवला. तो म्हणाला, "पन एवढ्या मोठ्या डॉक्टरनं लिवलं. आता त्याच्यावर दुसरा डॉक्टर करनं म्हंजे त्याले खोटा पाडनं होय."

"बैल घ्यायले जाता त बाजारात किती झनाइले इचारता? दात पायता, खूर पायता, चालवून पायता. बाई का बैलाहून सस्ती हाये?"

त्या दिवशी जागेश्वरनं ताटातला भात संपवला नाही. पण पोळा आटोपताच तिघं नागपूरला निघाली. त्या डॉक्टरच्या दाराशी गोदावरीबाई नवऱ्याला म्हणाली, "तुमी भायेर बसा." तो छत्री घेऊन बाकावर बसला.

आत पुन्हा तसंच स्टूल, तसेच प्रश्न. गोदावरीबाई उत्तर द्यायला लागली तेव्हा हा डॉक्टर म्हणाला, "तुम्ही नको. त्यांनाच सांगू द्या. मला घाई नाही." त्यानं पेन खाली ठेवलं. मग चंद्रकलेचा हात वर आला आणि तिनं मला कपाळापर्यंत मागे सारलं.

"सायेब, मले येड लागलं काय?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले वाटते, मी भल्ली थकली. लेकरू गेलं अना मले कोनं रडूच देल्लं नाई. रोवने सुरू होते." जबडा ताठ होता, शब्द अडखळत होते, पण आता ती थांबायला तयार नव्हती.

"बाळाचं रडणं ऐकू येतं, असं या सांगत होत्या?"

"येते. उठून पायतो त कवा शेजारच्या बकरीचं पिल्लू रायते. कवा काईच नाई रायत. मंग मी मनले सांगतो, का तो नाई आता."

डॉक्टरनं आणखी पुष्कळ विचारलं. शेवटी तो म्हणाला, "आजार आहे, पण भंडाऱ्याच्या या कागदावरचा नाही. बाळंतपणानंतर आणि दुःखानंतर मन फार खचतं, त्यातला आहे. उपचार करू, बरं वाटेल. जुन्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, मी सांगतो तशाच कमी करायच्या." गोदावरीबाई पहिल्या डॉक्टरला नावं ठेवायला लागली तेव्हा त्यानं तिला थांबवलं. "त्यांना या बाई दिसल्याच कुठे होत्या?"

बाहेर आलो तेव्हा जागेश्वर बाकावर नव्हता. दाराला लागून उभा होता, छत्री छातीशी धरून. चंद्रकलेनं चटकन मला खाली ओढलं. परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर पाहतच गोदावरीबाईला हळूच म्हणाला, "आवाज त चांगला हाये तिचा."

बाबूलालमामा पुन्हा आले तेव्हा पानसुपारी यायच्या आतच जागेश्वर म्हणाला, "मामा, इश्वरचं लगन झालं हाये." इश्वरनं दोरी खाली ठेवली आणि मान वर करून म्हणाला, "हो, झालं हाये."

मित्रांनो, ती दुसऱ्या दिवशी हसायला लागली असं मी सांगणार नाही. वर्ष सव्वा वर्ष गेलं. मध्ये एकदा पुन्हा खचली, पुन्हा नागपूरला जावं लागलं. पण बोटांत जोर आला. माझ्यातलं पाणी नीट निघायला लागलं, त्यावरून मी ओळखलं.

पुढे मी विरलं, माझा दांड भरला, आणि मी पेटीच्या तळाशी गेलं. नवी रंगीत पातळं वर. मला वाटलं, आता आपण चिंधी व्हायचे दिवस मोजायचे. पण १९८६ साली शेजारचे भय्याजी दारात आले. त्यांची सून जनाबाई महिनाभर बोलली नव्हती. एका डॉक्टरनं तिलाही काहीबाही लिहून दिलं होतं. चंद्रकला पेटीशी गेली, तिनं साऱ्या पातळांखालून मला काढलं आणि ती मला नेसली.

नागपूरच्या दवाखान्यात जनाबाई स्टुलावर बसली, पदर हनुवटीपर्यंत. चंद्रकला दाराशी वळून म्हणाली, "भय्याजी, चाला भायेर."

"मी जातो. तू बस तिच्याजौळ."

"मीबी तिले मोठीच हाये ना. माह्यासमोरबी थे बोलनार नाई." आणि तिनं दार बाहेरून ओढून घेतलं.

आम्ही बाकावर बसलो. चंद्रकला माझा तो वाकडा काठ बोटांनी चाचपत होती. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, कापड विरतंच. पण कुणाच्या मनाबद्दल एकानं काही लिहून दिलं तर ते अखेरचं समजू नका. दुसरीकडे न्या, पुन्हा विचारू द्या. आणि त्या वेळी खोलीत आपलं काम नसेल तर उठून बाहेर बसा.

दाराआडून फार बारीक आवाज आला. काय बोलली ते कळलं नाही. भय्याजी ऐकायला पुढं वाकले, तशी चंद्रकलेनं त्यांचा सदरा धरून त्यांना मागे बसवलं.