मनोहररावांच्या घरचा ओटा

परमुलखात कामाला गेलं की तिथलं पाणी आणि तिथलं तिखट माणूस महिन्याभरात पचवतो. तिथली कारागिरी मात्र मला कधी पचली नाही.

मी वाईकडचा. घरात तीन पिढ्या दगडाचं काम. अठ्ठावन्न साली आमच्या ठेकेदाराने वर्धा जिल्ह्यात सिंदीजवळच्या एका नाल्यावर दगडी पूल बांधायचं काम घेतलं आणि मला मिस्त्री म्हणून तिकडे धाडलं. जेवणाची सोय मनोहररावांच्या घरी झाली. मनोहरराव भाजीपाल्याचे शेतकरी, वांगी-कोथिंबीर सिंदीच्या बाजारात न्यायचे, माणूस मोकळा. नागपूरला साडूच्या घरी त्यांनी उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा पाहिला आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ओटाच शिरला. शेवटी आपल्या मातीच्या घरात त्यांनी शहाबादी फरशीचा ओटा करून घेतला. मी गेलो त्या दिवशी माझं गाव, आडनाव, कुलदैवत सगळं विचारून झालं आणि मग हाताला धरून मला थेट स्वयंपाकघरात नेलं.

"पाहा मिस्त्री, आख्ख्या सिंदीत असा ओटा नाई."

नसेलच. देव करो आणि दुसरा नसो. तीन फरश्या होत्या आणि तिघींची तोंडं तीन दिशांना. सांध्यात करंगळी जाईल एवढी फट. मधली फरशी इतकी खडबडीत की तिच्यावर खोबरं किसता आलं असतं. ओट्याचा उतार पुढे असावा तर हा भिंतीकडे, म्हणजे सांडलेलं सगळं मागे जाऊन मुरणार. आणि त्या फटी कशाने बुजवल्या होत्या? शेणमातीने. अंगण लिंपावं तसं दर शनिवारी धुरपताबाई, म्हणजे मनोहररावांच्या घरच्या, त्या फटी लिंपायच्या. वरून डाळीचं पाणी, भाताची पेज, कांद्याची सालं. चार दिवसांत तो लगदा आंबायचा आणि फुगून वर यायचा. कणीक मळताना पुढची फरशी डुगडुगायची, तिच्याखालून झुरळं निघायची, आणि धुरपताबाई ती पदराने हाकलून पुन्हा मळायला लागायच्या. बाईच्या हाताला चव होती, खोटं कशाला बोलू. पण पानावर बसलो की मला त्या आंबलेल्या शेणाचा वास यायचा आणि घास तोंडात फिरायचा.

पुलाचं काम सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. एका सकाळी एक सडसडीत माणूस कामावर आला. पिशवीत स्वतःच्या छन्न्या आणि हातोडा. नाव कवडू.

"जयभीम मिस्त्री. दगड घडतो मी. छन्नीचं काम असन तं सांगा."

मला घडणाऱ्यांची गरज होतीच. आठ महिन्यांचं काम होतं आणि हात कमी पडत होते. मी त्याला हो म्हणणार, तेवढ्यात आमचा मुकादम रूपराव मागून म्हणाला, "मनोहररावाच्या घरच्या ओट्याचे दगड यानंच केले."

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे तुझी कारागिरी मी रोज दोन वेळा खातो," मी म्हणालो. सगळे गडी हसले, तसा मला आणखी चेव आला. "बाबा रे, तू दगडाला हात लावू नकोस. टोपली उचलायची असेल तर थांब."

तो हसला नाही आणि रागावलाही नाही. "तुमी तो ओटा खालून पाह्यला का?" एवढंच त्याने विचारलं.

"ओटा काय खालून बघायचा असतो?"

"टोपलं नाई उचलत मी. हात छन्नीचा हाय," असं म्हणून तो पिशवी खांद्याला लावून निघून गेला.

माझं ते वाक्य रूपरावाने बाजारात नेलं. आठ दिवसांत जो तो कवडूला पाहिला की तेच म्हणायचा. एकाच्या विहिरीच्या काठाचे दगड घडायला त्याला बोलावलं होतं, ते कामही मोडलं. रूपरावाने हे मला मोठ्या कौतुकाने सांगितलं आणि मला वाईट वाटलं नाही. वाईट कामाला वाईट म्हटलं, त्यात माझं काय चुकलं?

मग एका शुक्रवारी भाकरीच्या कडेला अळी निघाली. जिवंत होती, वळवळत होती. मी हात धुतला आणि उठलो.

"धुरपताबाई, आज ओटा रिकामा करा. मी काढून नीट बसवून देतो. नाहीतर मी उपाशी मरेन."

मनोहरराव बाजाराला गेले होते. बाईंनी डबे-भांडी उचलली आणि मी पहारीने पहिली फरशी उचकटली. खाली जे होतं ते लिहिण्याजोगं नाही, तरी लिहितो. काळा चिखल, त्यात पांढऱ्या अळ्या, झुरळांची अंडी, आणि कधीतरी फटीतून गेलेला आमसुलाचा बुरसटलेला लगदा. परसात जाऊन मी ओकलो, तोंड धुतलं आणि पुन्हा आलो. त्या कवडूला मनातल्या मनात शिव्या देतच मी मधली फरशी उलटी केली आणि धुतली.

खालची बाजू तुळतुळीत होती. हात फिरवला तर घासून घासून आरशासारखी केलेली. आणि फटीत झाकलेल्या कडेवर छन्नीने कोरलेला आकडा, दोन. शेजारी बाण, भिंतीची बाजू दाखवणारा. मी बाकीच्या दोन धुतल्या. एकीवर तीन, एकीवर एक. पहिलीच्या जागी तिसरी बसवली होती, आणि मधली पालथी.

"हा ओटा बसवला कोणी?" मी विचारलं.

"आमच्या तानबानं. गडी हाय आमचा, नांगर-वखराले लय पक्का."

"आणि कवडूने का नाही बसवला?"

धुरपताबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. इतकं साधं मला कसं कळत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

"सैपाकघर हाय न हे, मिस्त्री. तो कसा येईन अंदर? आमच्या यायनं सुतळीनं माप नेऊन देल्लं, त्यानं वावरात बसून दगड घडले. दोन खेपा म्हणे, मले एकदा भित पाहू द्या. पाहू कसं द्याव? मंग म्हणे, आकडे पाहूनच बसवजा. आता तानबाले कुठं आकडे येतात. बिचारा कवडू."

त्या 'बिचारा'ने माझं डोकं फिरलं. पण बोलायला तोंड कुठे होतं? मी जागा खरवडली, चुन्याचा थर दिला, उतार पुढे काढला आणि आकड्यांप्रमाणे फरश्या ठेवल्या. एक, दोन, तीन. मातीच्या भिंतीला मध्ये पोट सुटलेलं होतं. कवडूने फरशीच्या मागच्या कडेला तेवढंच पोट आत घेतलं होतं. न पाहिलेल्या भिंतीचं, नुसत्या सुतळीच्या गाठींवरून. सांध्यात नख जाईना. माझ्या बापाला हे जमलं असतं की नाही, मला शंका आहे. मला नसतं जमलं.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. कडा इतक्या सरळ होत्या, त्या काय मला पहिल्या दिवशी दिसल्या नव्हत्या? दिसल्या होत्या. पण एकदा नाक मुरडलं की डोळे कोण उघडतो.

दुपारच्या उन्हात मी कवडूचं घर विचारत गेलो. वस्ती गावाबाहेर. त्याचं घर लहान, पण झाडून लख्ख. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन सगळी वस्ती बौद्ध झाली होती, त्या दिवसाची तारीख दारावर चुन्याने लिहिलेली. कवडू नुकताच आला होता, अंगभर धूळ. सडकेच्या खडीवर जात होता, दगड फोडायला. त्या हाताने.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "ओटा खालून पाहिला. उद्यापासून पुलावर ये. माझ्या शेजारी बस, मिस्त्रीची मजुरी घे. चार लोकांत बोललो होतो, चार लोकांतच परत घेतो."

त्याने हातांची धूळ झटकली. मग आत पाहून म्हणाला, "सुलोचना, मिस्त्रीसाठी चाय ठेव."

त्याच्या बायकोने चहा आणला. पांढरी कपबशी, कान न तुटलेली, बहुधा पाहुण्यांसाठी ठेवलेली. तिने ती माझ्यापुढे ठेवली. शपथेवर सांगतो, त्या कपाइतकं स्वच्छ काही मी त्या महिन्यात पाहिलं नव्हतं. आणि माझा हात गुडघ्यावरून उठेना.

"आत्ताच घेऊन आलो," मी म्हणालो.

भर दुपारी, ओकून रिकाम्या पोटाने, मैलभर चालत आलेला मी. कपात साय धरू लागली. कवडू ती पाहत होता, मीही पाहत होतो. मला माझी शिसारी आली आणि तरी हात उठेना.

"मिस्त्री," त्याने सावकाश विचारलं, "पुलावर पान्याचे माठ किती हायेत?"

एक कामाच्या जागेजवळच होता, आमच्यासाठी. दुसरा रूपरावाने लांब, बाभळीखाली ठेवला होता, वस्तीतल्या मजुरांसाठी. मी रोज त्याच्यावरून जात होतो. मुकादमाचं काम, आपल्याला काय करायचंय, म्हणून कधी बोललो नव्हतो.

"दोन," मी म्हणालो.

"मंग मी खडीवरच बरा. तिथं माठच नाई, ज्याचं पानी तोच नेते." असं म्हणून त्याने माझ्यापुढचा कप उचलला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.