कडेची पट्टी

ओडेलियानं बादली तिरकी केली, तशी शेडच्या दारात दोन पिंपांवर आडव्या टाकलेल्या भंगारातल्या बॉनेटवरून पाणी पसरत गेलं आणि चौकोनाचौकोनात त्याची वेगळी तऱ्हा दिसली. एकात टपोरे थेंब उभे राहिले, शेजारच्यात पाणी सुस्तावून पडलं, पलीकडच्यात ते थांबलंच नाही, घसरून खालच्या मातीत गेलं. चौकोन तिनंच कागदी चिकटपट्टीनं आखले होते. प्रत्येकात वेगळं मेण किंवा पॉलिश लावून तिनं बॉनेट हिवाळाभर उघड्यावर टाकलं होतं, आधी बर्फाखाली आणि बर्फ वितळल्यावर या खोऱ्यातल्या निर्दय उन्हाखाली.

"पलीकडचं जिंकलं," ती म्हणाली. "बघा, थेंबसुद्धा टिकत नाही."

"पाणी पळतं म्हणून मेण चांगलं असं थोडंच आहे?" आपा म्हणाले. "लबाड माणूसही लवकर पळतो."

ती हसली. मग दोघांनाही एकच माणूस आठवला असावा, कारण तिनं रिकामी बादली उगाच बाजूला सरकवली आणि आपा पत्र्याकडे वळले.

आपा म्हणजे तिचे सासरे, आबेनिसिओ. पालथ्या खोक्यावर बसून त्यांनी पावाची पातळ प्लास्टिकची पिशवी हातमोज्यासारखी चढवली आणि तो हात ओल्या पत्र्यावरून फिरवला. उघड्या बोटांना जी खरखर कळत नाही ती पिशवीतून कळते, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. एस्पान्योला गावातल्या निम्म्याअधिक मिरवायच्या गाड्या या हातांनी रंगवल्या होत्या. आता हात कापत. रंगाचा फवारा त्यांनी पुतण्याला देऊन टाकला होता आणि शेडमधलं सगळं काम सुनेच्या गळ्यात पडलं होतं.

"आणि हे काय झालं?" कोपऱ्यातल्या चौकोनावर त्यांनी बोट ठेवलं. तिथं रंग उडून पत्रा दिसत होता.

"हिरव्या झाकणाचं रबिंग. घासायचं मशीन जरा टेकवलं तर रंग खाल्ला त्यानं. आल्बुकर्की शहरातल्या त्या बर्निसबाईनं पाठवलंय. इथल्या उन्हात काय टिकतं, काय नाही, ते मी तिला कळवते."

एवढं सांगून ती थांबली. उरलेलं तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बर्निसचं गाड्या चमकवायचं मोठं दुकान होतं आणि गेल्या आठवड्यात ती फोनवर म्हणाली होती, "ईस्टरनंतरच्या सोमवारी ये. वरती खोली आहे, ती तुझी. नाही आलीस तर मी दुसरं माणूस बघेन, पुन्हा विचारणार नाही." "ईस्टरनंतरच्या सोमवारी येते का, ते विचार करून सांगते," ओडेलिया शेडच्या भिंतीला टेकून हळूच म्हणाली होती. वास्तविक विचार करण्यासारखं काही नव्हतं. तिला जायचं होतं. घरात ते तोंडातून काढायचं कसं, एवढाच प्रश्न होता, आणि सोमवार तोंडावर आला होता.

शेडच्या आत ऑर्लांडोची गाडी उभी होती. चौसष्ट सालची इम्पाला, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसवलेली. चांदीच्या रंगावर लाल पारदर्शक रंगाचे हात, एकावर एक, उन्हात पाहिलं तर डाळिंब फोडल्यासारखं वाटावं. मुलगा सोळा वर्षांचा झाला तेव्हा आपांनी ती त्याला रंगवून दिली होती. याच गाडीतून ओडेलिया लग्न होऊन या घरी आली. पुढं ऑर्लांडो तीन महिन्यांच्या कामासाठी म्हणून डेन्व्हरला गेला, त्याला सहा वर्षं झाली. तिथं त्याचं दुसरं घर होतं, दुसरी बाई होती, आणि त्याचं पोर पावलं टाकायला लागलं इथपर्यंतची खबर खोऱ्यात सगळ्यांकडे होती. या घरात मात्र त्यातलं अक्षर कुणी काढत नसे.

"तो येईल तेव्हा गाडी जशीच्या तशी पाहिजे," असं सासू, हेनोवेवा, म्हणायची. ओडेलिया तिला आमा म्हणे. दर ईस्टरच्या रविवारी गाड्यांची मिरवणूक निघे. त्यात सून गाडी चालवी आणि आमा मागं ताठ बसून दोन्ही बाजूंच्या लोकांना हात करी. घर शाबूत आहे हे लोकांना दिसायला पाहिजे ना!

आमा वाईट असती तर सोपं झालं असतं. पण आमा सुनेला ताप आला की रात्रभर उशाशी बसे, अंगणातल्या तिच्या चाकांवरच्या घरातली उबेची भट्टी पहाटे स्वतः येऊन पेटवून जाई. गेल्या शरदात ओडेलियानं कसंबसं म्हटलं होतं, "आमा, मी शहरात काम बघावं म्हणते." आमानं तिचा हात हातात घेतला. "बघ की. नाताळ होऊ दे. आणि तू गेलीस तर गाडीकडे कोण बघेल, सांग? याचे हात हे असे." नाताळनंतर ईस्टर होऊ दे. त्या मऊ हातातून हात सोडवून घेणं ओडेलियाला कधी जमलं नाही.

त्यात तिनं स्वतःच एक खुंटा ठोकून घेतला होता. गाडीला दर ईस्टरला रबिंग लागायचं. रबिंग म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर किंचित घासून काढायचा. ओरखडे जातात, पण त्यांच्याबरोबर थरही जातो. बॉनेटच्या मधोमध जी उंच कड आहे तिथं तो कांद्याच्या पापुद्र्याएवढा उरलाय, हे तिला मागंच कळून चुकलं होतं. तेव्हापासून तिनं घासणं सोडलं. ओरखडे बुजवणारं एक दुधासारखं पॉलिश मिळतं. ते चोळलं की गाडी आरसा होते, आणि चार वेळा धुतली की पुन्हा मूळ पदावर येते. ती घरात सांगे, रबिंग केलं. त्या खोट्यानं गाडी वाचली, पण बुजवलेलं दर महिन्याला नव्यानं बुजवावं लागे, आणि ते तिच्याखेरीज कुणाला ठाऊकच नव्हतं.

"कॉफी," असं म्हणत आमा दोन कप घेऊन शेडमध्ये आली. कप फळीवर ठेवून तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटपाशी थांबली.

"फिक्की दिसतेय गं."

"ऊन आहे, आमा."

"ऊन काय आजच उगवलं? परवा चर्चबाहेर ती एर्लिंडा म्हणते, तुमच्या गाडीला म्हातारपण आलं. मी म्हटलं, गाडीला नाही बाई, तुझ्या डोळ्यांना आलंय. पण खरंच फिक्की आहे. आणि गाड्यांच्या क्लबातल्या पोरांनी यंदा आपल्याला सगळ्यात पुढं ठेवलंय. आज चांगलं घसघसून रबिंग कर."

"आता रबिंग नको, आमा. थर उरला नाही."

"दर वर्षी करतेस की. यंदाच कुठं गेला थर?"

ओडेलियानं खरं सांगितलं असतं तर मागची सगळी वर्षं उकलली असती. तिनं कप उचलला आणि न पिता पुन्हा ठेवला.

आपा खोक्यावरून उठले. फळीवरची स्पिरिटची बाटली घेऊन त्यांनी फडक्यावर थोडं ओतलं आणि बॉनेटच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा पुसली. स्पिरिटनं सगळं बुजवलेलं निघून जातं. पुसलेल्या जागेत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे वर आले, वर्षानुवर्षांचे. आपांनी त्या जागेकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी फडकं बादलीत टाकलं. "मी करतो रबिंग."

"तू?" आमा म्हणाली. "चमचा धरवत नाही सूपचा."

"हात कापतात माझे, मशीन थोडंच कापतं? पोरी, ती हिरव्या झाकणाची बाटली आण."

"आपा, ती कसली आहे ते बघितलंत ना मघाशी..."

"बघितलं. आण."

आमाचं समाधान झालं. "बीन्स बघून येते," म्हणून ती घराकडे गेली.

ओडेलियानं बाटली आणली आणि सवयीनं चिकटपट्टीचं रीळ घेऊन बॉनेटच्या त्या उंच कडेवर पट्टी लावायला लागली. एकीवर एक, दोन. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो, तिथं मशीन क्षणभर जास्त टेकलं की संपलं. या घरात आल्यावर पहिल्याच महिन्यात ती पट्टी लावायला विसरली होती, तेव्हा याच माणसानं ब्रशचा दांडा तिच्या बोटांवर मारला होता आणि दिवसभर तिच्याकडून नुसत्या पट्ट्या लावून घेतल्या होत्या. तिनं पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली आणि मशीनची वायर भिंतीत खोचली.

आपा बॉनेटवर वाकले. नखानं पट्टीचं टोक उचललं आणि ती सावकाश, अख्खी, कुठंही न फाडता सोलून काढली. मग दुसरीही. दोन्ही त्यांनी आपल्या विजारीच्या मांडीवर चिकटवून ठेवल्या. एवढा वेळ त्यांचा हात जरासुद्धा कापला नाही.

"आपा, पट्टी," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

मशीन सुरू झालं. ते हलतं ठेवायचं असतं, लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. आपांनी ते कडेवर नेलं आणि तिथंच धरलं. वायर ओडेलियाच्या पायापाशीच होती. ती खाली वाकली, वायर हातात घेतली. एक हिसका, की मशीन बंद. मशीनच्या फिरत्या चकतीच्या पांढऱ्या फोमवर गुलाबी झाक आली, म्हणजे वरचा थर गेला होता आणि रंग निघायला लागला होता. अजूनही वेळ होता. तापलेल्या रंगाचा वास आला. फोम लालभडक झाला. वायर घट्ट धरून ती तशीच उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आपांनी मशीन बंद केलं. कडेवर बोटभर लांबीची चांदी उघडी पडली होती.

आवाज थांबला म्हणून आमा आली. तिची नजर थेट त्या चांदीवर गेली.

"पूस ते."

"पुसायचं नाही ते, हेनोवेवा. खालचा रंग आहे."

"मग वरून लाव."

"हा रंग ठिगळासारखा लावता येत नाही. डाग दिसतोच. अख्खी गाडी उतरवून पहिल्यापासून रंगवावी लागेल. ते हात गेले माझे."

"तुझा पुतण्या?"

"त्याला हा रंग मी शिकवला नाही."

आमानं एप्रनचं टोक बोटाला गुंडाळून चांदीवर घासलं. एकदा, दोनदा. मग बोट काढून घेतलं. "तो आल्यावर काय दाखवायचं त्याला?"

"तो येणार नाही," आपा म्हणाले.

ते अगदी हळू म्हणाले, पण या घरात ते आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आमानं गाडीच्या दाराला हात टेकला. ती रडेल असं ओडेलियाला वाटलं, पण ती रडली नाही. एकदम थकलेली मात्र दिसली.

"रविवारी लोकांना काय सांगू?"

"म्हाताऱ्याचा हात चुकला म्हणून सांग."

आमानं नवऱ्याच्या मांडीवर चिकटलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग सुनेकडे, तिच्या मुठीतल्या वायरीकडे. तीसुद्धा चाळीस वर्षं या शेडच्या दारात उभी राहिलेली बाई होती. "बीन्स करपतील," एवढंच ती म्हणाली आणि घराकडे गेली. जाताना सुनेचा थंड झालेला कप तिनं बरोबर नेला आणि थोड्या वेळानं तो पुन्हा गरम करून शेडच्या खिडकीत आणून ठेवला.

आपा खोक्यावर बसले. "हिरव्या झाकणाचं फार खातं. कडेला पट्टी लावल्याशिवाय वापरू नका म्हणावं त्या बाईला."

"कळवते फोन करून," ओडेलिया म्हणाली.

"फोन कशाला? सोमवारी जातेच आहेस." त्यांनी पत्र्याच्या भिंतीवर बोटानं टकटक केलं. "गुपित बोलायचं तर नदीवर जावं, पोरी. इथं सगळं ऐकू येतं. आणि ते मशीन ने बरोबर. इथं आता त्याला काम नाही."

ते मांडीवरच्या पट्ट्या काढायला गेले, पण आता त्यांची बोटं कापत होती, टोक सापडत नव्हतं. ओडेलियानं वायर भिंतीतून काढली, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि पट्ट्या एकेक करून सोडवल्या.