लार्क्सचा स्पॅनिश आवाज

एलिसेओ बारिएन्तोस परसात मिरच्या वाळत घालत होता, तेव्हा बायको आम्पारो सांगत आली, की इग्नासिओ उर्कीदी दारात उभा आहे.

"कशाला आलाय?"

"त्यालाच विचार. पण जरा बेतानं बोल, म्हाताऱ्या. त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय."

तेरा वर्षं या दोघांमध्ये बोलणं नव्हतं. त्याआधी बावीस वर्षं मात्र बोलण्यावरच दोघांचं पोट होतं. सान्ता रेहिना गावच्या लार्क्स संघाचे बेसबॉलचे सामने ते रेडिओवरून स्पॅनिशमध्ये सांगायचे. चौऱ्याहत्तर साली सुरुवात झाली तेव्हा क्लबने इंग्रजीवाल्यांना काचेची खोली दिली आणि यांना बर्फाच्या यंत्राशेजारची अडगळीची जागा. यंत्र घरघरायला लागलं की एलिसेओ सांगायचा, "ऐका मंडळी, प्रेक्षक कसे गर्जताहेत!" परगावच्या सामन्यांना क्लब यांना नेतच नसे. इंग्रजी प्रसारण कानाला लावून हे दोघे अडगळीत बसूनच सामना असा रंगवायचे, की द्राक्षमळ्यात वेलीच्या तारेला रेडिओ टांगून ऐकणाऱ्याला पलीकडच्या गावची धूळ दिसावी. उर्कीदी आकडे आणि गमतीजमती सांगे. खेळ सांगायचा एलिसेओने. चेंडू कुंपणापार गेला, की त्याची आरोळी ठरलेली : "निघाला रे घरला!" मळ्यातलं काम सुटलं की त्याची आई भावंडांना अशीच हाळी घालायची.

उर्कीदी त्याच्या मुलीचा धर्मपिता. त्या नात्याने दोघं एकमेकांना कोंपाद्रेच म्हणत.

शहाण्णवच्या हंगामाचा पहिला सामना. एलिसेओ इस्त्रीचा सदरा घालून गेला, तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने यादी दोनदा वाचली आणि म्हणाला, "तुमचं नाव नाही, साहेब." काहीतरी घोटाळा असेल म्हणून तो आपल्या ट्रकमध्ये येऊन बसला आणि रेडिओ लावला. उर्कीदी एकटाच बोलत होता. तिसऱ्या डावात कुणीतरी होम रन मारला आणि उर्कीदी ओरडला, "निघाला रे घरला!" एलिसेओने रेडिओ बंद केला. गाडी चालू करायला मात्र त्याला बराच वेळ लागला.

नंतर सगळं कळलं. यापुढे एकच माणूस, असं क्लबने आदल्या डिसेंबरातच उर्कीदीला सांगितलं होतं. त्याच डिसेंबरात नाताळच्या आदल्या दिवशी तो एलिसेओच्या घरी जेवला होता. आम्पारोच्या हातचे नऊ तामाले खाल्ले, पोरीला आशीर्वाद दिला आणि पोटातली गोष्ट पोटातच ठेवून गेला.

आता तो स्वयंपाकघरात बसला होता. अंगातला कोट दुसऱ्या कुणाचा असावा असा ढगळ दिसत होता. बोलताना तो एक छोटं यंत्र गळ्याला लावायचा आणि आवाज यायचा डब्यातून आल्यासारखा.

"शनिवारी 'लार्क्सचा स्पॅनिश आवाज' म्हणून माझा सत्कार आहे. लार्क्सच्या प्रसारणाचा इतिहास मांडणार आहेत. पण क्लबने शहाण्णवच्या आधीच्या सगळ्या टेप पुसून टाकल्यात. फुकट जातील म्हणून त्यांच्यावर जाहिराती भरल्या."

"मग?"

"आम्पारो घरी रेकॉर्ड करायची. एक्याऐंशीचा अंतिम सामना तुझ्याकडे आहे."

"आहे."

"तेवढा दे, कोंपाद्रे. मरायच्या आधी एकदा आपले आवाज मैदानात ऐकू दे."

"आपले?" एलिसेओ हसला. "क्लबच्या भिंतीवर फलक लागलाय, त्यावर माझ्या आईची हाळी तुझ्या नावावर लिहिलीय. वाचलास ना?"

"मी लिहिला नाही तो."

"खोडलाही नाहीस."

उर्कीदीने यंत्र गळ्याशी नेलं आणि परत खाली घेतलं. मग पुन्हा लावून म्हणाला, "मला तीन पोरं होती, एलिसेओ."

"मला काय मांजरं होती? नाही म्हणाला असतास तर दोघंही राहिलो असतो, असं मी म्हणत नाही. पण मला सांगितलं असतंस, तर त्या फाटकावर मी उभा राहिलो नसतो. जा आता."

आम्पारोने कॉफी ओतली होती, ती तशीच राहिली.

शनिवारी एलिसेओने घरातला रेडिओ लावू दिला नाही. काय झालं ते सोमवारी केस कापताना न्हाव्याने सांगितलं. उर्कीदीला यंत्रातून एवढं बोलवत नव्हतं, म्हणून त्याच्या लेकीने कागद वाचला : लार्क्सचा स्पॅनिश आवाज माझा नव्हे, एलिसेओ बारिएन्तोसचा. ती आरोळीही त्याचीच. त्याची खुर्ची गेली तेव्हा मी गप्प बसलो. लोक उभे राहिले म्हणे.

"सगळ्यांसमोर बोलला हो तो," न्हावी म्हणाला.

"नऊ हजार लोकांसमोर बोलणं सोपं असतं," एलिसेओ म्हणाला. "मागून जरा बारीक कर."

ऑक्टोबरात उर्कीदी गेला. अंत्यविधीला आम्पारो एकटीच गेली. आठवड्याने क्लबचं पत्र आलं. फलक बदलतो, दोघांची नावं लावतो, प्रसारणाच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवतोय, त्यासाठी कृपया टेप द्याव्यात. एलिसेओने उत्तर दिलं नाही. आम्पारोने दोनदा आठवण करून दिली आणि मग तिनेही तो विषय सोडला.

वसंतात प्रदर्शन उघडलं. दोघं तिकीट काढून गेले. फलक खरंच बदलला होता. त्याचं नाव पहिलं होतं, स्पेलिंगही बरोबर होतं. इंग्रजीवाल्यांच्या फोटोंखाली बटणं होती. दाबलं की जुना आवाज येई आणि लोक कान लावून हसत. यांच्या फोटोखाली पाटी होती : ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. एक बाई क्षणभर थांबली, फोटो पाहिला आणि पुढच्या बटणाकडे गेली.

"झालं समाधान?" आम्पारोने विचारलं.

"त्या फोटोत तो माझ्यापेक्षा उंच दिसतोय," एलिसेओ म्हणाला. "नव्हता तेवढा."

 बाहेर आल्यावर किल्ली आम्पारोनेच मागून घेतली आणि घरापर्यंत गाडी चालवली.