हॉलभर हृदय

मी शाळेतला कवायतीचा मास्तर, आणि व्यायामाचा हॉल म्हणजे माझा जीव की प्राण. तिथे कुणी चपला घालून आलं तर मी मुख्याध्यापकांचाही मुलाहिजा ठेवत नाही. त्यामुळे शुक्रवारी सकाळी चौथीच्या विज्ञानाच्या बाई गुडघे टेकून माझ्या फरशीवर खडूने रेघोट्या ओढताना दिसल्या, तेव्हा माझं पित्तच खवळलं.

"बाई, हे काय मांडलंय?"

"हृदय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "फळ्यावर मावत नाही हो. मुलांना आत फिरायचंय."

यांना सगळे प्रयोगबाई म्हणतात ते उगाच नाही. मी तोंडाने कितीही कुरकुरलो, तरी त्यांचा तास असला की खिडकीशी घुटमळतो, हे शिपायालाही ठाऊक आहे.

त्या दिवशी मात्र मी थांबलो तो खारूसाठी. खारू म्हणजे माझी भाची, त्याच वर्गातली. जन्मापासून तिच्या हृदयातल्या भिंतीला भोक आहे. जरा धावली की दम लागतो. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं, पण डॉक्टर तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, समजावून सांगत असताना खारूने दाराआडून ऐकलं की भोक बुजवताना हृदय थोडा वेळ थांबवावं लागतं, तोवर मशीन रक्त फिरवतं. झालं! तेव्हापासून एकच घोशा. "मी नाही जाणार. थांबवलं आणि परत सुरूच झालं नाही तर?" ताईने समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी स्वतःच रडली. पालथ्या घड्यावर पाणी. आणि डॉक्टर तर म्हणत होते, आता लांबवू नका.

तास सुरू झाला. फरशीवर हृदयाच्या चार खोल्या, दोन वर, दोन खाली, मधोमध उभी भिंत. एका टोकाला दोन गाद्या, ती फुप्फुसं. तिथे जुळ्या बहिणी लाल कार्डांची टोपली घेऊन बसल्या. दुसऱ्या टोकाला बाकांवर डोकं, हात, पोट, आणि सगळ्यात लांब पायाचा अंगठा. अंगठा झाला होता वर्गातला सगळ्यात उंच पोरगा, लंबू. बाकीचा वर्ग म्हणजे रक्त. निळं कार्ड घेऊन उजवीकडच्या खोल्यांतून फुप्फुसांकडे जायचं, तिथे ते देऊन लाल घ्यायचं, डावीकडच्या खोल्यांतून अंगाकडे पोचवायचं, आणि निळं घेऊन परत.

खारूला धावायला लावायचं नव्हतं. बाईंनी तिच्या हातात एक रिकामा डबा आणि लाकडी पट्टी दिली. "ठोका तू द्यायचा. तुझा ठोका असेल तर रक्त चालेल. नसेल तर सगळे जागच्या जागी."

धड-धड, धड-धड. अहो, काय सुरेख चाललं होतं! माझ्या कवायतीत डावा-उजवा न कळणारी ही पोरं एकमेकांना न धडकता फिरत होती. मी खिडकी सोडून कधी आत आलो, मलाच कळलं नाही.

मग बोंब झाली. "बाई, हिच्याकडे आधीच लाल आहे, तरी परत आली!" जुळ्या ओरडल्या. तिकडून लंबू केकाटला, "इकडे कुणी येतच नाही! अंगठा मेला!"

पोरांच्या पायांनी मधली भिंत एका जागी पुसली गेली होती. डावीकडून अंगाकडे निघालेलं रक्त तिथून घुसून उजवीकडे, आणि तिथून पुन्हा फुप्फुसांकडे. गाद्यांवर ही गर्दी आणि अंगठ्याकडे शुकशुकाट. लंबूचा आरडाओरडा ऐकून खारू पट्टी भराभर आपटू लागली. कपाळावर घाम आला, तरी थांबेना.

बाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं. "बघा, हिला कुणी सांगितलं का जोरात वाजव म्हणून? हृदयही असंच असतं. अंगठ्याला कमी पडतंय म्हटलं की जिवाचं रान करतं."

खारूने पट्टी चालवतच विचारलं, "म्हणजे माझं कमजोर नाहीये?"

"कमजोर? अगं, इतकी वर्षं ते दुप्पट राबतंय!"

खारूने पहिल्यांदाच स्वतःच्या छातीकडे कौतुकाने पाहिलं.

बाई खडू घेऊन भिंत काढायला वाकल्या. पण पोरं चालूच. कुणी बोटांवर पाय दिला, कुणी नुकती काढलेली रेघ घासून नेली. काढली की पुसली, काढली की पुसली. मी शिट्टी तोंडाला लावणार, इतक्यात डब्याचा आवाज थांबला.

खारूने पट्टी वर धरली होती. सगळं रक्त जागच्या जागी उभं राहिलं.

"आता काढा, बाई," ती म्हणाली.

बाईंनी अजिबात घाई केली नाही. रेघ जाड केली, वरून पुन्हा गिरवली, कडा तपासल्या. मग त्या बाजूला झाल्या. खारू मात्र पट्टी तशीच धरून बसलेली. मला वाटलं, आता ही रडणार.

"अगं, कर ना सुरू," लंबू हळूच म्हणाला. "आम्ही आहोत इथेच."

धड. मग जरा वेळाने धड-धड. पहिलं लाल कार्ड भिंतीच्या कडेने सरळ खाली गेलं, आणि अंगठ्याने ते दोन्ही हातांनी घेतलं.

तास संपल्यावर मी ताईला फोन लावला. बरंच काही सांगायचं ठरवलं होतं, पण खारूने फोन माझ्या हातून ओढून घेतला.

"आई, सोमवारी जाऊ या. पण डॉक्टरांना सांग, भिंत घाईघाईत काढू नका. नीट पक्की काढा म्हणावं. तोवर मी थांबते."

पलीकडून ताईचे हुंदके ऐकू आले.

"आई? ऐकतेयस ना? रडू नकोस गं. मी परत सुरू करते."