टेबलाखालचं खाणं

"अहो, या जरा इकडे! अजून एक गेलं!" मी परसातूनच ओरडले.

नवरा ब्रश तोंडात धरून दारात आला. मेलेल्या पिल्लाकडे बघून म्हणाला, "पिल्लं म्हटली की मरायचीच थोडीफार."

"थोडीफार? पंधरा दिवसांत तीन! नवाची सहा झाली. तुमचं काय जातंय बोलायला!"

त्याचं खरंच काही जात नव्हतं. जात होतं ते माझं. ह्या घरात येऊन मला अकरा वर्षं झाली, पण परसात माझं म्हणावं असं काही नव्हतं. पाच जुन्या कोंबड्या सासूबाईंच्या. म्हणून मी ही नऊ पिल्लं हट्टानं आणली आणि अडीच महिने खोक्यात, दिव्याच्या उबेला ठेवून वाढवली. ती अंड्यावर आली असती म्हणजे ह्या परसात माझाही शब्द चालला असता.

आणि शिकवलं कुणी? सासूबाईंनीच. "एकदम सोडू नकोस, जुन्या टोचून मारतील. तीन आठवडे मध्ये जाळी लाव, नुसतं बघू दे एकमेकींना." खाद्याचंही त्यांनीच सांगितलं. अंडी देणाऱ्यांच्या खाद्यात चुना असतो, तो कोवळ्या पोटाला सोसत नाही. म्हणून सगळ्यांना पिल्लांचंच खाद्य घालायचं आणि जुन्यांसाठी अंड्याची टरफलं कुटून वेगळ्या ताटलीत ठेवायची. ज्यांना लागतं त्या जाऊन खातात. मग लहानांना निवांत खाता यावं म्हणून आम्ही एका मोडक्या टेबलाचे पाय कापले. वीतभरसुद्धा उंची ठेवली नाही. खाद्य त्याखाली ठेवलं की पिल्लं आत शिरायची, मोठ्या कोंबड्यांची पाठ अडकायची. मी करवत चालवली आणि सासूबाईंनी टेबल घट्ट धरलं. तेव्हा किती हसलो होतो दोघी!

मी रोज खुरपायला जायची. सासूबाई म्हणायच्या, "तू जा गं निवांत, मी आहे ना." मीही जायची निवांत. मूर्ख कुठली!

त्या दिवशी दुपारी आभाळ गच्च भरून आलं, वारा सुटला, डोळ्यांत माती जायला लागली. सगळ्याजणी काम टाकून निघालो. मी मागच्या बाजूनंच परसात शिरले आणि जागच्या जागी थांबले.

सासूबाई पाटावर बसल्या होत्या. टेबलाच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा. खाली पाचही जुन्या कोंबड्या माझ्या पिल्लांच्या खाण्यावर तुटून पडल्या होत्या. आणि माझी सहा भिंतीच्या कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगात घुसून बसलेली. एकाच्या मानेवर पीस उरलं नव्हतं.

"आज लवकर आलीस," सासूबाई एवढंच म्हणाल्या.

"म्हणजे हे रोज चालतं? मी आले की विटा काढून ठेवता?"

त्यांनी नजर विटांकडे वळवली.

"अहो, माझी तीन पिल्लं मारलीत तुम्ही!"

"मी एकालाही हात लावला नाही."

"उपाशी ठेवलंत! केसानं गळा कापलात माझा! मी रडत होते तेव्हा पाठीवरून हात फिरवत होतात ना?"

आता मात्र त्या ताडकन उठल्या. "आणि तू काय केलंस गं? ही अंड्यावर आली की म्हातारीच्या कोंबड्या विकून टाका, असं नवऱ्याला सांगताना तुझी जीभ अडखळली नाही? सगळं घर दिलं तुझ्या हातात. किल्ल्या दिल्या, चूल दिली. एवढ्या पाच जीवांवर डोळा ठेवलास?"

"मी? मी सांगितलं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्याच नवऱ्यानं."

मी तिथंच मातीत बसले. "अहो, मला तर ते म्हणाले, आईच म्हणते, आता ह्या जुन्या झेपत नाहीत, काढून टाका म्हणून."

सासूबाईंची नजर माझ्यावरून फाटकाकडे गेली. नवरा येत होता, आणि त्याच्यामागून जाळीची टोपली घेतलेला कोंबड्या विकत घेणारा.

"पाच आहेत ना?" टोपलीवाल्यानं विचारलं. "आजींनी बोलावलंय म्हणे."

"मी नाही बोलावलं," सासूबाई म्हणाल्या.

"मग वहिनींनी असेल."

"मीपण नाही."

टोपलीवाल्यानं नवऱ्याकडे बघितलं. नवरा मान खाली घालून खिशात काहीतरी शोधायला लागला. "तुम्ही दोघींनी भांडू नये म्हणून मी आपलं..."

"दादा, आधी घरात ठरवा आणि मग बोलवा," असं म्हणत टोपलीवाला हसत परत फिरला. नवरा कधी आत सटकला ते कळलंही नाही.

पाऊस आलाच नाही. मी एकेक वीट काढून भिंतीशी रचली. कोंबड्या गेल्या नाहीत, ह्याचं मलासुद्धा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सासूबाई जवळ आल्या.

"मला काय माहीत गं, तो असं खोटं बोलेल," त्या म्हणाल्या. "एकदा तरी तुला विचारायला हवं होतं मी."

"हो. विचारायला हवं होतं."

त्यांनी खाद्याचं माप घ्यायला हात पुढे केला. चाळीस वर्षं संध्याकाळचं खाणं त्यांच्याच हातचं. नवरा खोटारडा निघाला हे खरं, पण विटा काही त्यानं लावल्या नव्हत्या.

"बसा तुम्ही," मी म्हटलं. "ह्यापुढे मीच घालत जाईन. तुमच्या कोंबड्यांनापण."

त्यांचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्या पाटावर जाऊन बसल्या. पाचही कोंबड्या सवयीनं त्यांच्या पायाशी जमल्या आणि त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिल्या.