दोन हात वर

घरासमोरच्या हिरवळीवर शेजारचा स्टॅन हरिको पाटी ठोकत होता, तेव्हा ऑर्व पाव्हलिक पडद्याआडून बघत होता. पाटीवर लिहिलं होतं, ‘इथे शब्दाचा पक्का माणूस राहतो.’ ते वाचून ऑर्वने पडदा ओढून घेतला.

ऑर्व अमेरिकन फुटबॉल खेळायचा, आणि एरीच्या हॅमर्स संघाने त्याला ओमाहाच्या संघाला देऊन टाकलं होतं. बदल्यात काय घेतलं, तर ‘ते पुढे बघू’. बदल्यात काय मागावं हे सुचत नसलं की करारात असंच लिहायची रीत आहे. ऑर्वने जाहीर केलं, मी जाणार नाही. बुधवारपर्यंत ओमाहात हजर झाला नाही तर त्याला निलंबित करणार होते, आणि मग दुसऱ्या कुठल्याच संघाला त्याला घेता येणार नव्हतं. पोटापाण्याचा प्रश्न होता, कारण ओणवं होण्यापलीकडे त्याला दुसरं काही येत नव्हतं.

ओणवं होणं हाच ऑर्वचा धंदा. तो स्नॅपर होता. बॉल लांब लाथाडायची वेळ आली की त्याने पाय फाकून वाकायचं, पायांच्या मधून जग उलटं बघायचं आणि पार मागे उभ्या असलेल्या किकरच्या छातीवर बॉल सोडायचा. त्यानंतर समोरचे आडदांड लोक त्याच्या अंगावर पडत, पण तो पगाराचाच भाग. या कामाची गंमत अशी, की ते नीट केलं तर करणाऱ्याचं नाव कुणाला कळत नाही. इतकी वर्षं ऑर्वचं नाव पेपरात आलं नव्हतं, आणि धंद्यात त्याचा मान त्यामुळेच होता. आता ते रोज येत होतं. टीव्हीवरची एक बाई तर म्हणाली, बाजारू जगातला हा शेवटचा निष्ठावंत. शेवटच्या निष्ठावंताने टीव्ही बंद केला आणि ॲसिडिटीची गोळी चघळली.

खरी गोष्ट एवढीच होती, की उन्हाळ्यापासून त्याचा बॉल दोन हात वर जात होता. का जातो, देव जाणे. त्याने पकड बदलली, बूट बदलले, चर्चमध्ये मेणबत्ती लावली. बॉल आपला दोन हात वर. हॅमर्सचा किकर लायल जुना दोस्त, तो उड्या मारून झेलायचा आणि कुणी विचारलंच तर ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणायचा. ओमाहाचा किकर कशाला उड्या मारील? तिथे पहिल्याच सरावाला पितळ उघडं पडलं असतं. पण असं कुणाला सांगणार? बायकोला, डोरीनला, त्याने सांगितलं होतं, ‘तुझी बेकरी सोडून कुठे जायचं?’ तिने त्याला मिठी मारली आणि पोटभर रडून घेतलं. तेव्हापासून तो रोज सकाळी न सांगता तिची पिठाची पोती उचलत होता.

मंगळवारी दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर ओमाहाचे कोच हॅसलबी स्वतः उभे होते. काखेत बॉल.

डोरीनने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि अक्रोडाच्या रोलचा जाडजूड तुकडा पुढे केला. “खा. पण नवरा मिळणार नाही.”

“मॅडम, हा रोल खाल्ल्यावर मीच परत जाईन की नाही, शंका आहे,” कोच म्हणाले. मग ऑर्वकडे वळले. “पोरा, तुला न्यायला नाही आलो. एकच स्नॅप बघायचाय. मागच्या अंगणात.”

ऑर्वने कंबरेवर हात ठेवला. “आज पाठ धरलीय, कोच.”

“सकाळी तर पिठाची पोती उचललीस,” डोरीन म्हणाली. “दाखव ना त्यांना! काय गमावलं ते कळू दे. मी झेलते.”

अंगणात ती मागे, भाजीच्या वाफ्यापाशी जाऊन उभी राहिली. कुंपणावर स्टॅन हरिको होता, आणि त्याच्या मागे निम्मी गल्ली. ऑर्व ओणवा झाला. पायांच्या मधून त्याला उलटी डोरीन दिसली, हात पुढे करून हसणारी. एकदाच, फक्त एकदाच सरळ जा बाबा, तो बॉलला म्हणाला, आणि सोडला.

बॉल डोरीनच्या डोक्यावरून गेला आणि स्टॅनच्या गॅरेजच्या पत्र्यावर धाडकन आदळला.

“हे घ्या, ओमाहावाले!” स्टॅन ओरडला. “हे आमच्या ऑर्वचं उत्तर!” गल्लीने टाळ्या वाजवल्या.

डोरीनने मात्र टाळी वाजवली नाही. ती चालत ऑर्वपाशी आली आणि हळूच म्हणाली, “कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“म्हणजे माझी बेकरी वगैरे...”

ऑर्वने बुटांवरचं गवत झटकलं.

“तुझ्या भीतीचं बिल माझ्या बेकरीच्या नावावर फाडलंस? आणि मी मेली रडले!”

कोच खिशातला रुमाल काढून डोळे पुसत होते. ऑर्वला वाटलं, संपलं सगळं. पण कोच आनंदाने पुसत होते.

“दोन हात! तंतोतंत! सामन्यांच्या फिल्ममध्ये पाहिलं होतं, पण खात्री हवी होती. अरे, हॅमर्सवाल्यांनाही माहीत होतं. उगाच का ते ‘पुढे बघू’वर राजी झाले?”

“मग मला घेतलंत कशाला?”

“आमचा किकर ब्रॉडी ऑस्ट्रेलियाचा आहे. तिकडच्या फुटबॉलमध्ये लहानपणापासून लोकांच्या खांद्यांवर चढून बॉल झेलत आला. छातीवर आलेला बॉल त्याच्या हातून पडतो. म्हणतो, ‘झोप येते, कोच.’ सारखा दोन हात वर टाकणारा माणूस देशभर शोधला. तू एकटाच सापडलास.”

ऑर्वच्या छातीवरचा दगड खाली उतरला. तो खो खो हसला. “उद्या हजर होतो, कोच!”

“गद्दार!” कुंपणावरून स्टॅन म्हणाला.

“अजून एक टाक,” कोच म्हणाले. “डोळ्यांना बरं वाटतं.”

स्टॅनने बॉल रागाने परत भिरकावला आणि डोरीन पुन्हा वाफ्यापाशी गेली. ऑर्व हलक्या मनाने वाकला आणि बॉल सोडला. तो सरळ गेला आणि डोरीनच्या छातीशी अलगद विसावला.

कोचचा चेहरा पांढरा पडला. “हे काय केलंस?”

“मी काही नाही केलं!”

“पुन्हा टाक.”

पुन्हा सरळ. असा सुंदर स्नॅप ऑर्वने कित्येक महिन्यांत टाकला नव्हता. आधी बॉल वर गेला म्हणून नोकरी जाणार होती, आता खाली आला म्हणून. कोच घड्याळाकडे बघत विमानाच्या वेळेविषयी काहीतरी पुटपुटू लागले.

डोरीन बॉल हातात घेऊन विचार करत होती. मग तिने तो ऑर्वकडे घरंगळत सोडला आणि परत हात पुढे करून उभी राहिली. ऑर्व वाकला, तशी ती शांतपणे म्हणाली, “ऑर्व, आज संध्याकाळी माझी आई येतेय. तिलाही सगळं सांगणार आहे मी.”

बॉल स्टॅनच्या पत्र्यावर धाडकन वाजला.

“मॅडम,” कोच हॅसलबी टोपी काढून म्हणाले, “तुम्हाला ओमाहाला फोन करणं परवडेल ना?”

त्या सीझनमध्ये प्रत्येक सामन्याआधी डोरीनने एरीहून फोन केला. कधी भट्टीतून चमत्कारिक वास येत होता, कधी छताला डाग दिसत होता, कधी आईला काहीतरी बोलायचं होतं, पण ते ती फोनवर सांगणार नव्हती. ऑर्व पांढराफटक होऊन मैदानात उतरायचा आणि ब्रॉडी मागे हवेत झेपावून खिदळायचा. घरी सगळं ठीक आहे, असं मात्र डोरीनने त्याला एकदाही सांगितलं नाही.