अजून सहा वाजलेले नाहीत

मी घड्याळ बोलतोय. भिंतीवरचे, लंबकाचे, आणि सध्या बंद पडलेले. बंद घड्याळाने बोलावे की नाही, याचा मी बराच विचार केला. चालू होतो तेव्हा टिकटिकीपलीकडे काही बोलायला सवड नव्हती. आता सवडच सवड आहे. तरीही माझे काही चुकत असेल तर सांभाळून घ्या. वेळ सांगणाऱ्याला सगळेच कळते असे नाही.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका नदीकाठच्या कारखान्यात झाला. ओकच्या लाकडाची पेटी, पितळी लंबक, पांढरी तबकडी. मला शेवटचा हात फिरवणाऱ्या कारागिराने विचारले होते, की हे स्टेशनात जाणार की चर्चमध्ये? सोबत्याने सांगितले, आमदारांकडे. "मग वेळ नीट लाव बाबा," कारागीर म्हणाला, "तिथे तेवढं एक तरी बरोबर असू दे." हे वाक्य मी जन्मभर जपले, आणि जन्मभर त्याची धास्तीही बाळगली.

आगगाडीतून मी अमेरिकेच्या मधोमध, गव्हाच्या आणि गुरांच्या या राज्यात आलो. विधानसभेच्या सभागृहात प्रेक्षकांच्या सज्जाच्या कठड्यावर, अध्यक्षांच्या बरोबर समोर, मला टांगले. त्यामुळे आमदारांना माझा चेहरा दिसतो आणि सज्जात बसलेल्या लोकांना माझी पाठ. लोकांना वेळ नुसती ऐकू येते. ही रचना कुणी मुद्दाम केली की सहज झाली, ते मला कळलेले नाही.

खाली दोन पक्ष बसतात. पैकी एक खिडक्यांच्या बाजूला, दुसरा भिंतीच्या. कधी खिडकीवाल्यांचे बहुमत असते, कधी भिंतवाल्यांचे. जागा मात्र बदलत नाहीत. बोलणारा माझ्याकडे पाहतो तो अजून किती बोलता येईल ते बघायला, आणि ऐकणारा पाहतो तो अजून किती ऐकावे लागेल ते बघायला. माणसाच्या स्वभावाविषयी मला जे काही कळले, ते या दोन नजरांवरून.

या राज्याची एक रीत सांगायला हवी. अधिवेशन वसंतात संपते, शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता. राज्यघटनेतच तसे लिहिले आहे. सहाच्या आत जे विधेयक मंजूर झाले नाही ते मेले. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून काम फार महत्त्वाचे असले आणि वेळ अपुरा पडला, तर दोन्ही पक्षांचे नेते आपापली मनगटी घड्याळे काढून बाकावर पालथी ठेवत. ती खूण. मग द्वारपाल शिडी आणी, माझे दार उघडी आणि लंबक हाताने धरून थांबवी. सभागृहात सहा वाजतच नसत. महापुराने पूल वाहून नेले त्या वर्षी मी असाच थांबलो होतो. बाहेर दिवे लागले, कुणीतरी कॉफी आणि सँडविच मागवली, खिडकीवाल्यांनी भिंतवाल्यांना साखर दिली, आणि पूरग्रस्तांचे काम पुरे करूनच सगळे उठले. ते सरळसरळ ढोंग होते, हे मी जाणतो. पण सगळ्यांनी मिळून केलेले ढोंग होते, आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत उपयोगाचा वेळ मी बंद असतानाच गेला, असे मला वाटत आले आहे.

गेल्या जानेवारीत ही रीत मोडली. टेट लिंडक्विस्ट नावाचा खिडकीकडचा एक तरुण आमदार 'विधानसभेत खरे घड्याळ' एवढ्या एका वचनावर निवडून आला होता. त्याने नियम मांडला, की यापुढे सरकारी संगणकाची वेळ तीच वेळ. दोन्ही पक्षांना भीती होती, की समोरचा आपल्या फायद्यासाठी घड्याळ थांबवील. शिवाय खऱ्या वेळेच्या विरोधात हात वर करून मतदारांना तोंड कसे दाखवायचे? सगळे हात त्याच्याच बाजूने वर गेले. मी तरी खऱ्या वेळेच्या विरोधात काय म्हणणार होतो? घड्याळच ना मी.

त्याच अधिवेशनात नेडीन ओव्हरगार्डचे विधेयक होते. तिचे म्हणजे तिच्यासारख्यांचे. टॅमरॅक बेंड या गावची ही मुलगी सैन्यात वैद्यकीय मदतनीस होती. गोळ्या लागलेल्या माणसांना तिने हेलिकॉप्टरात जिवंत ठेवले होते. परत आली तेव्हा गावच्या रुग्णवाहिकेवर माणूस हवा होता, प्रमुखाने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. पण राज्याच्या नियमात सैन्यातले शिक्षण धरत नव्हते. तिने दोन वर्षे शाळेत जाऊन मलमपट्टी पुन्हा पहिल्यापासून शिकायची. तोवर ती सहकारी दुकानात गुरांच्या खाद्याची पोती उतरवत होती. नवे विधेयक साधे होते: माजी सैनिकांचे शिक्षण मान्य करायचे, आणि त्यांना कामावर घेणाऱ्या गावाला पहिल्या वर्षीचा निम्मा पगार राज्याने द्यायचा. टॅमरॅक बेंडला तेवढेच परवडणार होते. ते झाले नाही, तर जूनमध्ये तिथली रुग्णवाहिका बंद होणार होती.

शेवटच्या दिवशी नेडीन आपल्या वडिलांना, ऑरिनला घेऊन सकाळीच सज्जात आली. दोघे माझ्या बरोबर पाठीमागे बसली. इथल्या शिरस्त्याप्रमाणे अध्यक्षांनी सांगितले, की आज आपल्यात एक माजी सैनिक आहे. दोन्ही बाजूंचे आमदार उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की माझी काच थरथरली. नेडीन अर्धवट उठली, लाजून बसली.

"पुष्कळ झाल्या टाळ्या," ऑरिन पुटपुटला. "यातल्या थोड्या मोडून मतं मिळतात का बघ."

टाळ्या थांबल्या आणि भिंतवाल्यांच्या नेत्या लुसिंडा क्रेब्ज उठल्या. आजच्या यादीतले प्रत्येक विधेयक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवावे, अशी त्यांनी मागणी केली. नियमाप्रमाणे ती नाकारता येत नाही. एरवी फक्त नाव वाचतात. नेडीनच्या विधेयकाआधी धान्याच्या वजनकाट्यांविषयीचे एक जाडजूड विधेयक होते. विधेयके वाचणाऱ्या कारकुनाने घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत ते पुरणार, हे सभागृहाला कळून चुकले.

क्रेब्जबाईंना वजनकाट्यांशी काही घेणे नव्हते, आणि सैनिकांशी वैरही नव्हते. उलट हे विधेयक मुळात त्यांचेच. आदल्या वर्षी त्यांनी ते मांडले, तेव्हा समितीचे प्रमुख असलेल्या हॅस्केल ब्रँडव्होल्डनी ते खणात घालून ठेवले आणि सहा वाजू दिले. यंदा ब्रँडव्होल्ड खिडकीवाल्यांचे नेते झाले, आणि तेच विधेयक त्यांनी स्वतःच्या नावावर आणले.

"गेल्या वर्षी पैसा कुठून येणार ते त्यात नव्हतं," ब्रँडव्होल्ड बाकांमधल्या वाटेवर म्हणाले.

"यंदाही नाहीये. मला विचारा ना. त्यातले स्वल्पविरामसुद्धा माझे आहेत."

दुपारी अर्धे आमदार जेवायला गेले, वाचन चालूच राहिले. सज्जात खायला बंदी आहे. पण एमेट सॉर्ली, आमचा म्हातारा द्वारपाल, बापलेकीने पुडके उघडले तेव्हा पाठ करून उभा राहिला. राई लावलेल्या ब्रेडचा वास माझ्या पेटीपर्यंत आला.

"बाबा, त्या बाईंचंही बरोबर आहे," नेडीन म्हणाली.

"दोघांचंही बरोबर आहे," ऑरिन म्हणाला. "म्हणून तर तू पोती उचलतेस."

ती हसली.

दिवस कलला तसा मी बेचैन झालो. माझ्यात काही बिघाड होऊन मी थोडा मागे पडावा, असे मनात येऊन गेले. पण ते काही आपल्या हातात नसते. क्रेब्जबाई दर थोड्या वेळाने माझ्याकडे पाहत होत्या. नेडीनला वेळ दिसत नव्हती. शेवटी तिला राहवले नाही. ती उठली, एक हात माझ्या पेटीवर ठेवला आणि कठड्यावरून वाकून माझ्या तबकडीकडे उलटी पाहू लागली. तिचा हात राठ आणि ऊबदार होता. त्याच क्षणी क्रेब्जबाईंनी वर पाहिले. काट्यांच्या वर त्यांना तिचा चेहरा दिसला.

त्यांनी नजर खाली घेतली. बाकावरचा चष्मा उचलला, पुन्हा ठेवला. मग उठून ब्रँडव्होल्डांच्या बाकाशी गेल्या.

"माझं नाव वर, तुमचं खाली. चालेल?"

"चालेल," ब्रँडव्होल्ड म्हणाले. त्यांचा चेहरा थकलेला होता. "सकाळीच म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"सकाळी तुम्ही विचारलं नाहीत."

बस, एवढेच. दोन वर्षांचा तंटा एवढ्या बोलण्यात मिटला. वाचन थांबले, वजनकाटे बाजूला गेले, नेडीनचे विधेयक पुढे आले. पण नाव बदलायला एक मतदान, आणि मग एकेका सदस्याचे नाव पुकारून विधेयकावर दुसरे. काटे सहाला भिडत आले होते. क्रेब्जबाईंनी मनगटी घड्याळ काढून बाकावर पालथे ठेवले. ब्रँडव्होल्डांनी त्यांच्याकडे पाहिले आणि आपले काढले. जानेवारीतला नियम दोघांना आठवत नव्हता असे नाही; पण हातांना जुनी रीत आठवत होती, आणि सगळे पूर्वीसारखे गप्प राहतील अशी आशा असावी. एमेट शिडी घेऊन आला. त्याने माझे दार उघडले, लंबक धरला, आणि मी थांबलो.

नावे पुकारणे सुरू झाले. हो. हो. खिडकीकडून हो, भिंतीकडून हो. अर्धी नावे झाली. मग 'ल' अक्षर आले.

टेट लिंडक्विस्ट उभा राहिला. त्याच्या हातात फोन होता.

"अध्यक्ष महोदया, माझं मत या विधेयकाच्या बाजूनेच आहे. पण सहा वाजून गेलेत."

"टेट, खाली बस," ब्रँडव्होल्ड हलकेच म्हणाले.

"मी घरोघर जाऊन वचन दिलंय, साहेब. आणि नियमाला तुम्हीही हात वर केला होतात. सगळ्यांनीच केला होता."

अध्यक्षा माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मी त्यांना माझी वेळ दाखवत होतो. पण त्यांनी ज्या वेळेची शपथ घेतली होती, ती माझी नव्हती. त्यांनी हातोडा आपटला. अधिवेशन संपले.

अधिवेशन संपले की इथे आमदार हातातले कागद हवेत उधळतात. काहींनी सवयीने उधळले. कागद भिरभिरत खाली आले, आणि ज्यांनी टाकले होते ते ओशाळून, वाकून गोळा करू लागले. लिंडक्विस्ट वाईट माणूस आहे, असे मला म्हणता येत नाही. तो बराच वेळ तसाच उभा होता.

एमेट अजून शिडीवरच होता; तो उतरू लागला, तेव्हा नेडीनने त्याला विचारले, "काका, किती वाजले?" त्याने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या मनगटाकडे पाहिले, आणि उरलेल्या पायऱ्या उतरला.

मला पुन्हा चालू करा, असे त्याला कुणी सांगितले नाही. सगळे घरी गेले. बाकांवर पांढऱ्या चादरी पडल्या.

ऑगस्टमध्ये ऑरिन एकटाच आला. सज्जात त्याच जागी बसला. एमेट त्याच्या शेजारी येऊन टेकला, आणि मला बाकीचे कळले. नेडीन शेजारच्या राज्यात गेली होती. तिथे तिचे शिक्षण लगेच मान्य झाले, आता ती तिथल्या रुग्णवाहिकेवर असते. टॅमरॅक बेंडची गाडी शेडमध्ये उभी आहे. कुणी विकत घेतलेली नाही, पण चालवायलाही कुणी नाही.

"माझ्या छातीत कळ आली, तर गाडी येणार तासाभराच्या गावाहून," ऑरिन म्हणाला. "माझी पोरगी मात्र दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना पाच मिनिटांत गाठते. हुशार आहे हो." त्याने हसून पाहिले, ते जमले नाही.

"परत येईल का रे ती?" एमेटने विचारले.

"इथे शिक्षणाला मान्यता मिळाली तर येईल म्हणते. दर रविवारी विचारते, काही झालं का म्हणून."

एमेटने खिशातली माझी चावी काढून बोटांत फिरवली. मला चालू करावे का, असे त्याने विचारले. इतके महिने बंद ठेवणे यंत्राला बरे नव्हे, असेही म्हणाला.

ऑरिन उठला, कठड्यावरून वाकला आणि लेकीसारखाच उलटा होऊन माझ्या तबकडीकडे पाहत राहिला.

"जानेवारीपर्यंत राहू दे," तो म्हणाला.

तर असा मी आहे. तेलही वाळले असेल. चालू केले तरी चालेन की नाही, याची मला खात्री नाही. आमदार मंडळींनो, तुमच्या नियमावर बोलायचा मला अधिकार नाही. संगणकाची वेळ खरी, माझी खोटी, हे मला मान्य आहे. पण जानेवारीत तुम्ही याल, कोट काढाल आणि सवयीने वर पाहाल, तेव्हा शिडी मागवायची घाई करू नका. आधी ते विधेयक काढा. ज्याला वाटेल त्याचे नाव वर घाला. पहिल्याच दिवशी, वेळ भरपूर असताना, नावे पुकारा. अर्धी तर पुकारून झालीच होती. 'ल'पासून पुढे कोण काय म्हणणार होते, तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

मग मला खुशाल चालू करा. तोवर, निदान माझ्या तबकडीवर, अजून सहा वाजलेले नाहीत.